शमीमआपाचा लेप

शमीमआपाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या देवघरापुढे गुडघे टेकून, नाक फरशीला लावून, डाग हुंगत होती.

"हळद," ती म्हणाली. परत एकदा हुंगून म्हणाली, "आन् साबण. आन् लिंबू. बाई, लिंबू कुणी लावलं?"

लिंबू मीच लावलं होतं. पुतणीच्या लग्नात नवरीला लावून उरलेली हळद वाटीत तशीच देवघराच्या पांढऱ्या मार्बलवर राहून गेली होती. पाहुणे गेल्यावर वाटी उचलली तर खाली वाटीएवढं पिवळंजर्द कडं. मी ते साबणाने घासलं, तर ते लाल झालं. घाबरून त्यावर लिंबू पिळलं, तर परत पिवळं झालं, पण भोवतालची चकाकी गेली. मग तारेची घासणी घेऊन बसले तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला आणि दूधवाल्याकडून आपाला निरोप धाडला.

"मार्बल म्हंजी चुना, बाई," आपा मला समजावू लागली. "आंबट लागलं की आंबट त्याला खातं. चिंच, लिंबू, दही, काई बी. तुमाला कोणी सांगितलं न्हाई का?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आम्लाचा थेंब संगमरवरावर टाकला की बुडबुडे येतात, हे मी कित्येक वर्षं सातवीच्या वर्गाला दाखवत आले होते. सासूबाई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होत्या.

आपा उंच आणि हडकुळी. तेव्हा पन्नाशीला आलेली असावी. आली की बुरखा काढून दाराच्या खुंटीला लावायची, ओढणी कमरेला आवळायची आणि सगळ्यात आधी हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून खिडकीत ठेवायची. बांगडीचा ओरखडा दगडावर जन्मभर राहतो, असं तिचं म्हणणं. घरातली दुसरी कोणी बाई मदतीला वाकली, तर तिलाही बांगड्या मागे सारायला लावायची. मग कोरडं मऊ फडकं मागायची. डागाला हात लावण्याआधी भोवतालची सगळी फरशी कोरडीच पुसून घ्यायची, कारण पायाबरोबर आलेला रेतीचा एक कण फडक्याखाली सापडला तर डाग निघून ओरखडा मिळायचा. हे सगळं होईपर्यंत अर्धा तास जायचा आणि घरचे लोक मनातून कंटाळायचे. ती कंटाळत नसे.

"देव तेवढे हलवून घ्या," ती सासूबाईंना म्हणाली, "मग मी हात लावते."

सासूबाईंनी देव ताम्हनात घेतले आणि पिठाच्या डब्याशेजारी ठेवले. पुढचे दोन दिवस देव तिथेच होते आणि पूजाही तिथेच झाली.

आपाची पिशवी छोटीशी होती. धोतराची धुऊन मऊ झालेली फडकी, बांबूची पातळ तासलेली पट्टी, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचे तुकडे, एका डब्यात पांढरी पूड आणि औषधाच्या दुकानात मिळणारी तपकिरी बाटली. जखम धुतली की फेस येतो ते पाणी त्या बाटलीत असायचं. पूड आणि ते पाणी वाटीत कालवून तिने दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट लेप केला, डागावर बोटभर जाड थापला, वर प्लॅस्टिक घालून कडा चिकटवल्या आणि सुईने वर चार भोकं पाडली.

"आता उद्या याच वक्ताला. तवर कोणी उचलून बघायचं न्हाई."

"एवढंच? घासायचं नाही?"

"घासणं म्हंजी आपला राग काढणं. दगडानं काय केलंय तुमचं? डाग आत गेलाय, तर त्याला बाहेर वढायला टाइम द्या. ह्यो लेप वाळता वाळता त्याला वर वढतो."

दुसऱ्या दिवशी तिने बांबूच्या पट्टीने लेप अलगद उचलला. लेपाची खालची बाजू पिवळट झाली होती आणि फरशीवर फक्त अक्षतांना असतो तेवढा फिकट रंग उरला होता. दुसऱ्या लेपात तोही गेला. राहिला तो माझ्या लिंबाचा निस्तेज ओघळ.

"हे पण काढा ना," मी म्हटलं.

"हे काढायचं नसतं, बाई. डाग येगळा, जखम येगळी. डाग वरून आलेला असतो, त्याला परत धाडता येतं. इथं दगडच गेलाय. मशीनवाला बोलवा, तो आजूबाजूचं बी तेवढंच खाईल आन् मग बराबर दिसल. मी ते काम करत न्हाई."

मशीनचं ती असं का बोलते ते मला पुढे तिच्या घरी गेल्यावर कळलं.

तिच्या घरी जायला निमित्त झालं खडूचं. लेपातली ती पांढरी पूड म्हणजे खडू होता, आणि तो ती दुकानातून नवा आणायची. आमच्या शाळेत रोज बोटभर तुकडे केरात जायचे. मी ते एका डब्यात साठवायला लागले आणि महिन्या-दोन महिन्यांनी तिच्याकडे पोचवायला लागले. मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. हंगामात ती सगळी गल्ली हळदीच्या वासाने भरून जायची. दाराबाहेर बाजेवर तिचे मालक हमीदभाई बसलेले असायचे, पाठीला दोन उशा लावून.

हमीदभाई घिसाईचं, म्हणजे फरशी घासून तिला चकाकी आणायचं, मशीन चालवायचे. हिंगोलीत बंगल्यांना मार्बल बसवायची हौस आली त्या सुरुवातीच्या काळात एकही मोठं घर असं नव्हतं जिथल्या फरशीवर त्यांचं मशीन फिरलं नाही. कटरने दगड कापायचा तोही कोरडाच. नाकाला रुमाल बांधायचा, तोही घाम पुसायला सोडायचा. वीस वर्षांत छातीत पूड भरली. मी पाहिलं तेव्हा ते दोन शब्द बोलून थांबायचे, श्वास गोळा करायचे आणि तिसरा बोलायचे. तरी माणूस गमत्या. मला पाहिलं की म्हणायचे, "या बाई. माझी छाती... मार्बलची... झालीय. आता... पालिश करा."

म्हणून आपा कोरडा खडू कधीच कुटत नसे. आणलेले तुकडे ती आधी बादलीत भिजत घालायची, त्यांचा चिखल झाला की फडक्यात बांधून निथळत ठेवायची. घरात धूळ उडता कामा नये हा तिचा कायदा होता. झाडूसुद्धा ओला करून फिरवायची.

लेपाची विद्या तिला दवाखान्यात मिळाली होती. हमीदभाईंचा धंदा चालू होता त्या दिवसांत ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आया होती. मलमपट्टीच्या टेबलाला संगमरवराची पाटी. तिच्यावर रक्त, आयोडीन, काळं औषध, सगळं सांडायचं. नवीन आया म्हणून तिने एकदा ती पाटी राखेने घासली. तिथल्या कंपाउंडरने तिला शिव्या दिल्या नाहीत. नुसतं भिंग आणून तिच्या हातात दिलं आणि पाटीवर धरायला सांगितलं. "इतके ओरखडे, बाई, जसं काई कोंबड्यांनी उकरलं," ती सांगायची. मग त्यानेच तिला फेसाचं पाणी आणि पावडर कशी लावायची ते दाखवलं. हमीदभाई आजारी पडून मशीन विकावं लागलं तेव्हा तिला वाटलं, मशीन ज्या घरांतून फिरलं त्याच घरांत डाग पडत असणार. तिने नवऱ्याची ओळख सांगत एकेक दार वाजवलं आणि खरंच काम मिळालं.

ती मूळची साखरा गावची. माहेरी कोरडवाहू शेती आणि मातीची जमीन. पांढरा दगड तिने पहिल्यांदा पाहिला तो दवाखान्यातच. तरी दगडाचं तिला काही वेगळंच समजायचं. चहाचा डाग किती दिवसांचा, तेल गोडं की रॉकेल, गंज कुठल्या डब्याच्या बुडाचा, हे ती हुंगून आणि बोटाने चाचपून सांगायची. जमणार नसेल तर तोंडावर सांगायची. आमच्या शाळेच्या वर्गखोलीवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी होती आणि लोखंडी खिळ्यांमुळे तिच्यावर तांबडे ओघळ आले होते. मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "सर, गंज मला बराबर निघत न्हाई. थोडा हलका होईल. पयले खिळे बदला, न्हाईतर मी आज काढलं तर उद्या परत येईल." मुख्याध्यापकांना तिच्याकडून एवढं स्पष्ट ऐकायची अपेक्षा नव्हती. खिळे मात्र त्याच आठवड्यात बदलले गेले.

एका सरकारी कचेरीतला तिचा किस्सा हिंगोलीत बरेच दिवस चालला. जिन्याच्या वळणावर पांढऱ्या मार्बलची भिंत होती आणि तिचा कोपरा पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झाला होता. वरचे साहेब तपासणीला येणार म्हणून तिला बोलावलं. तिने कोपऱ्याला लेप थापला, प्लॅस्टिक लावलं आणि शिपायाकडून स्टूल मागून तिथेच बसली. थोड्या वेळाने एक कारकून तोंड भरून आला. सवयीने वळणावर थांबला आणि समोर बाई बसलेली बघून घोटाळला. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलता येईना. थुंकता तर येईनाच. आपा शांतपणे त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तिने आपल्या पिशवीतून रिकामी प्लॅस्टिकची पिशवी काढून त्याच्यापुढे धरली. "घ्या साहेब. लाजू नका." त्याने मान हलवली, कसंबसं सगळं गिळलं आणि खोकत वर गेला. काम झाल्यावर कचेरीच्या साहेबांनी विचारलं, परत डाग पडणार नाहीत ना? आपा म्हणाली, "डाग काढणं माझं काम हाय. माणसं तुमची हायत."

एव्हाना मी तिला तू म्हणायला लागले होते. ती मला शेवटपर्यंत तुमीच म्हणत राहिली.

मग वसंतशेठांच्या बंगल्याचं प्रकरण झालं.

वसंतशेठ हळदीचे व्यापारी. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत त्यांनी मोठं घर बांधलं होतं आणि दिवाणखान्याला राजस्थानातून मागवलेला दुधासारखा पांढरा दगड बसवला होता. त्यांची सून पल्लवी माझी विद्यार्थिनी. हुशार पण भित्री. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. तिला तेव्हा तीन महिन्यांची मुलगी होती. बाळाला चोळायच्या तेलाची वाटी दिवाणखान्यात कलंडली, तेल सोफ्याखाली गेलं आणि दोन दिवसांनी सोफा हलवला तेव्हा परातीएवढा काळपट डाग दिसला. आठवड्याने त्याच दिवाणखान्यात शेठांच्या मुलीचा साखरपुडा होता.

आपाने डाग पाहिला आणि तीन दिवसांत तीन लेप लागतील असं सांगितलं. पहिला लागला, थोडं तेल वर आलं. दुसरा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती प्लॅस्टिक काढायला गेली आणि खाली काही भलतंच निघालं. लेपाचा चोथा झालेला, आणि डागाच्या जागी खरखरीत, निस्तेज, कडेला ओघळ फुटलेला मोठा चट्टा. बोट फिरवलं तर दगड साखरेसारखा लागत होता.

शेठ तिथेच उभे होते. त्यांनी हयातीत कुणाला मारलं नसेल, पण आवाज असा की बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबावा. काय केलंस, कोणतं औषध घातलंस, माझ्या पोरीचा साखरपुडा चार दिवसांवर आणि तू दगड जाळून ठेवलास. सगळं घर गोळा झालं. आपाने एकदा मान वर करून भोवताली पाहिलं. मग म्हणाली, "चूक झाली, शेठ. माझ्या हातून झालं."

तिने पिशवी भरली, बांगड्या घेतल्या, बुरखा घातला आणि निघून आली. त्या चट्ट्यावर गालिचा पसरून साखरपुडा झाला.

शेठांनी ही गोष्ट मोंढ्यात सांगितली आणि मोंढ्यातून ती बंगल्या-बंगल्यात गेली. पुढे दीड-पावणेदोन वर्षं आपाला हिंगोलीत मोठ्या घरांतून काम मिळालं नाही. वारंगा फाट्याला एक नवीन हॉटेल झालं होतं. तिथे टेबलांवर मार्बल होता आणि त्यावर रोज रश्शाचे आणि चहाचे डाग पडायचे. ती आठवड्यातून तीनदा एस.टी.ने तिकडे जाऊ लागली. हमीदभाई तेवढा वेळ एकटे. शेजारीण त्यांना पाणी द्यायची.

आणि मी? मला लोक विचारायचे, तुमच्या त्या आपाने शेठांची फरशी जाळली म्हणे? मी म्हणायचे, माणूस आहे, चुकतं कधीतरी. मला वाटायचं मी तिची बाजू घेते आहे. तिने चूकच केली नसेल, हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. कारण ती स्वतःच तसं म्हणाली होती.

मग एका दुपारी पल्लवी माझ्या घरी आली. मुलगी आता चालायला लागली होती. तिला अंगणात सासूबाईंजवळ सोडून पल्लवी आत आली, पाणी प्याली आणि एकदम रडायलाच लागली.

"बाई, ती फरशी मी जाळली."

दुसरा लेप लागला त्या दिवशी सकाळपासून तिच्या सासूबाई तिला बोलत होत्या. वाटी सांभाळता येत नाही, माहेरी असला दगड पाहिला असता तर कळलं असतं, साखरपुड्याला लोक काय म्हणतील. तीन दिवस थांबायचा तिला धीर राहिला नाही. दुपारी सगळे झोपलेले पाहून तिने प्लॅस्टिकची एक कड सोडवली आणि न्हाणीघर धुवायचं तेजाब आणून ओतलं. फरशी सूं सूं करत उकळली. ती घाबरली, साडीच्या पदरानेच पुसलं, लेप परत सारखा केला आणि प्लॅस्टिक जसंच्या तसं चिकटवून ठेवलं.

"आपांनी माझ्याकडं बघितलं, बाई. सगळे जमले तवा त्यांनी सरळ माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता सांगतात. आन् त्या म्हणाल्या, माझ्या हातून झालं."

मी त्याच संध्याकाळी आपाकडे गेले. ती हमीदभाईंना भात भरवत होती. मी दारातच म्हटलं, "तुला माहीत होतं."

तिला काय ते विचारावं लागलं नाही. तिने आधी घास भरवला, त्यांचं तोंड पुसलं आणि मग बाहेर आली.

"तेजाबाचे थेंब न्हाणीपर्यंत गेले होते, बाई. एकेका पावलावर एक. आंधळ्याला बी दिसलं असतं. आन् दोरीवर पोरीची साडी वाळत होती, पदराला भोकं पडलेली."

"मग बोलली का नाहीस? तुझं सगळं काम गेलं!"

"काय बोलू? ती उभी होती लेकराला छातीशी धरून. पांढरी फटक पडलेली. मी नाव घेतलं असतं तर फरशी बराबर झाली असती का? तिला त्या घरात ऱ्हायचंय. मला काय, मी चप्पल घातली आन् आले."

"आणि आता? वर्ष झालं."

"तकलीफ झाली, न्हाई कशाला म्हणू. यांच्या दवाईला झाली." तिने आत पाहिलं. "तवा येवढा इचार बी केला न्हाई, बाई. तोंडातून निघून गेलं. नंतर घरी येऊन मी बी रडले. कामाचं नाव खराब झालं त्याचं लई वाईट वाटलं."

मी म्हटलं, मी उद्याच शेठांकडे जाते.

"न्हाई," ती म्हणाली. असा आवाज मी तिचा आधी ऐकला नव्हता. "तुमी जायचं न्हाई. तुमी सांगितलं तर ती पोरगी दोनदा चोर ठरल. बोलायचं असल तर ती बोलल. न्हाई बोलली तर न्हाई."

मी शेठांकडे गेले नाही. पल्लवीला मी एवढंच सांगितलं की आपाला सगळं माहीत आहे आणि तिने कुणाला सांगितलेलं नाही. ते ऐकून तिला बरं वाटेल असा माझा समज होता. ती आणखी रडली.

त्यानंतर सहा-सात महिने गेले. एके दिवशी पल्लवीचा फोन आला, "बाई, उद्या सकाळी आमच्याकडं या. आपांना घेऊन या. देवघरात कुंकवाचा डाग पडलाय म्हणून सांगा." आपा यायला तयार नव्हती. हमीदभाई बाजेवरून म्हणाले, "जा. कामाला... बोलावलंय. कामाला... न्हाई म्हणू नको." मग ती आली.

शेठ दिवाणखान्यात पेपर वाचत होते. आपाला पाहिल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांच्या पत्नी देवघराच्या दारात उभ्या राहिल्या. पल्लवी आतून आली, वाकली आणि तिने दिवाणखान्यातला गालिचा एका टोकाला धरून गुंडाळायला घेतला. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "हे काय?" गालिचा जड होता. तिला तो ओढवेना. तरी तिने तो चट्टा दिसेपर्यंत ओढला.

"बाबा, हे आपांनी नाही केलं. मी केलं. मी तेजाब ओतलं."

तिचा आवाज पुरेसा मोठा होता. वर्गात मी तो कधी ऐकला नव्हता.

शेठांनी पेपर खाली ठेवला. सुनेकडे पाहिलं, चट्ट्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते वळले आपाकडे. "मग बाई, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं कुठं, शेठ," आपा म्हणाली. "तुमी सांगितलं."

पल्लवीची मुलगी गुंडाळलेल्या गालिच्यावर चढून बसली होती. आपाने हातातल्या बांगड्या काढल्या, ठेवायला जागा शोधली आणि खिडकीत ठेवल्या. "देवघर दाखवा," ती शेठांच्या पत्नीला म्हणाली. "कुंकवाचा म्हणत होता ना?"

डाग खरंच होता. ती दोन दिवस जाऊन तो काढून आली. शेठांनी तिची माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही. पण महिनाभरात मोंढ्यातल्या तिघाचौघांनी मला तिचा पत्ता विचारला, आणि नाव कुणी सुचवलं म्हणून विचारलं तर वसंतशेठांनी, असं सांगितलं. पल्लवीच्या सासूबाई पुढे बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. पल्लवीनेच मला ते सांगितलं, आणि सांगताना ती हसत होती.

त्याच हिवाळ्यात हमीदभाई गेले. मी भेटायला गेले तेव्हा आपा आतल्या खोलीत बायकांमध्ये बसली होती. मला पाहून तिने शेजारची जागा हाताने साफ केली आणि बसवून घेतलं. मग म्हणाली, "शेवटाला श्वास लई हलका झाला होता, बाई. खोकला बी न्हाई. इतक्या वर्षांत पयल्यांदा घरात आवाज न्हाई." एवढंच.

इद्दतीचे, नवरा गेल्यावर बाईने पाळायचे, चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. ते सरल्यावर परभणीकडे दिलेली तिची लेक तिला न्यायला आली. जायच्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेले. आपा खिडकीजवळ बसली होती आणि लेक सामान वर लावत होती. आपाच्या बोटांची कातडी औषधाच्या पाण्याने कायमची पांढुरकी झाली होती आणि पेरांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टरांनी आता ते पाणी बंद करायला सांगितलंय, असं लेक म्हणाली.

मी खिडकीशी जाऊन विचारलं, "मग तिकडे काम नाही करणार?"

"कशाचं काम!" आपा म्हणाली. "लेकीच्या घरात शहाबादी फरशी हाय, बाई. काळी. तिच्यावर काई बी सांडा, दिसतच न्हाई."

आणि ती हसली. डोक्यावरची ओढणी खांद्यावर आली तरी तिने ती सावरली नाही. गाडी स्टँडच्या फाटकातून बाहेर वळेपर्यंत मला ती दिसत होती. लेकीला काहीतरी सांगत होती आणि अजून हसतच होती.